मिठागर आणि आगरातलं मीठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेण-उरणच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला मिठाबद्दल तेच ते प्रश्न वर्षानुवर्षं विचारले जातात. आमच्या घरात आजोबांपर्यंत आगरात मीठ पिकत होतं. मी लहानपणी बांधावर बसून ते काम पाहिलं, थोडं हातानेही केलं. त्या बळावर ही उत्तरं लिहिली आहेत. सगळं कोकण किनाऱ्यापुरतंच आहे. कच्छच्या रणात जमिनीखालचं खारं पाणी उपसून मीठ करतात, त्याची तऱ्हा वेगळी.

मीठ "पिकतं" असं का म्हणता? ते तर बनवतात ना?

आमच्याकडे कुणी मीठ "बनवत" नाही. मीठ पिकतं, आगर पिकतं, यंदा पीक कमी आलं असं बोलतात. भाताच्या शेतात आधी बांधबंदिस्ती, मग चिखलणी, मग पाण्याचा हिशोब आणि शेवटी कापणी असते. आगरातही तोच क्रम चालतो, फक्त हंगाम उलटा. शेतकरी पावसाची वाट बघतो, आम्ही पाऊस जायची.

आगरी समाजाचं नावही या आगरावरूनच आलं असं मानतात. रायगड, ठाणे आणि मुंबईच्या खाड्यांच्या काठाने हा समाज पसरला आहे. भातशेती, मासेमारी आणि मीठ ही त्याची तीन जुनी कामं.

समुद्राचं पाणी उन्हात ठेवलं की मीठ मिळतं. यात कौशल्य ते काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून उत्तरही लांब देतो.

एक लीटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पण ते सगळं खाण्याचं मीठ नव्हे. खाण्याचं मीठ त्यातलं 27 ग्रॅमच्या आसपास. उरलेल्यात चुना, जिप्सम आणि मॅग्नेशियमचे कडू क्षार. थाळीत पाणी घेऊन शेवटच्या थेंबापर्यंत आटवलं तर हे सगळं एकत्र खाली बसतं. ते जिभेवर ठेवून बघा, खारट लागायच्या आधी कडू लागेल. शिवाय दोन दिवसांत त्याला पाणी सुटेल.

आगरात हे क्षार एकमेकांपासून सोडवतात, आणि त्याला ना भट्टी लागते ना औषध. पाणी आटत जातं तसे क्षार आपापल्या पाळीने खाली बसतात. पहिला चुना, मग जिप्सम. पाणी मूळच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर आलं की मीठ धरायला लागतं. कडू क्षार सगळ्यात शेवटी येतात. म्हणून पाणी एकाच जागी आटवत नाहीत, एका खाचरातून दुसऱ्यात फिरवतात. चुना आणि जिप्सम आधीच्या खाचरांत बसतात, मीठ शेवटच्या वाफ्यात धरतं, आणि कडू क्षार बसायच्या आत उरलेलं पाणी सोडून देतात.

हल्ली हे मोजायला काचेची नळी असते. ती पाण्यात तरंगत ठेवली की बोमे डिग्री, म्हणजे पाणी किती दाट झालंय ते दाखवते. समुद्राचं पाणी तीन-साडेतीन डिग्री. जिप्सम साधारण 13 च्या पुढे बसायला लागतं. मीठ 25 डिग्रीच्या आसपास धरतं. 29-30 झाली की पाणी काढून टाकायचं. माझ्या आजोबांकडे नळी नव्हती. ते दोन बोटं पाण्यात बुडवून एकमेकांवर चोळायचे. कच्चं पाणी बोटांवरून सुळकन निघून जातं, पिकलेलं पाणी तेलासारखं बुळबुळीत लागतं. त्यात जरा जीभ लावली की कडूपणा किती चढलाय तेही कळायचं. मी पुष्कळदा करून पाहिलं. बुळबुळीत लागणं समजलं, पण त्यांना जो नेमका क्षण कळायचा तो मला कधीच कळला नाही.

थोडक्यात, पाणी आत घेणं कुणालाही जमेल. ते कधी सोडून द्यायचं हे कळलं तो खरा आगरी.

पाणी आगरात येतं कसं? पंप लावतात का?

आता बऱ्याच ठिकाणी पंप आहेत. मूळ पद्धत भरतीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते, तेव्हा खाडीकडच्या बांधातली उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, उघडायची. पाणी आपसूक मोठ्या तळ्यात शिरतं. भरती फिरायच्या आत उघाडी बंद. तळ्यात पाणी निवळतं, गाळ खाली बसतो, आणि तिथून ते उताराने एकेका खाचरात सोडतात. उतार इतका सौम्य असतो की डोळ्यांना जमीन सपाटच दिसते. पाण्याला मात्र तो बरोबर कळतो.

उधाण चुकलं तर पुढच्या उधाणापर्यंत पंधरवडा थांबावं लागतं. त्यामुळे आगरातल्या माणसाला तारीख माहीत नसली तरी तिथी तोंडपाठ असते.

हंगाम कधीचा?

पाऊस गेला की आगरातलं गोडं पाणी बाहेर काढायचं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बांध दुरुस्त करायचे, गाळ काढायचा, जमीन घडवायची. मग पाणी घेऊन पिकवायला सुरुवात. मीठ जानेवारीच्या पुढे धरायला लागतं आणि मार्च ते मे हा भर. जूनचा पहिला पाऊस आला की आगर संपलं.

"जमीन घडवणं" म्हणजे काय करतात?

आगराचं सगळं भांडवल या जमिनीत असतं, आणि बघणाऱ्याला ती दिसतही नाही.

वाफ्याची जमीन चिकणमातीचीच लागते. रेताड असेल तर पिकलेलं पाणी खाली झिरपून जातं आणि महिन्याची मेहनत मातीत मुरते. पावसाळ्यात चार महिने पाण्याखाली राहून ही जमीन फुगते, मऊ पडते. ती पायांनी तुडवायची. ओळीने उभं राहून, टाच आधी टेकवून, एक पाऊल दुसऱ्याला चिकटून असं सगळा वाफा भरून जायचं. थोडी वाळली की लाकडी थापीने चोपायची, परत थोडं पाणी, परत तुडवणं. असं करत करत जमीन शेणाने सारवलेल्या अंगणासारखी गुळगुळीत आणि टणक होते. भेग राहिली तर पाणी गळतं. खळगा राहिला तर तिथे मीठ मातीत रुततं आणि काढताना काळं निघतं.

आमच्याकडे हे काम घरातली सगळी माणसं करायची. मुलांना मात्र वाफ्यात उतरू देत नसत, कारण मुलं उड्या मारतात.

मीठ काढतात कसं? आणि ते कधी मातकट का असतं?

पाणी पिकलं की पहाटे वाऱ्याच्या आधी वाफ्यावर एक पातळ पापुद्रा धरलेला दिसतो, दुधावर साय धरावी तसा. वाकून जवळून पाहिलं तर त्यात इवल्या चौकोनी वाट्या दिसतात. आतून पोकळ, कडेला पायऱ्या पायऱ्या. मिठाचा कण मुळात चौकोनी. पाण्यावर तरंगताना त्याच्या फक्त कडा वाढतात, म्हणून वाटीचा आकार येतो. उन्हं वर आली, वारा सुटला की या वाट्या बुडतात आणि तळाशी त्यांचे खडे वाढत राहतात.

तळाशी पुरेसा थर झाला की लांब दांड्याच्या लाकडी फळीने तो कडेला ओढतात. खडे एकमेकांवर घासून करकर वाजतात. त्या आवाजावरून फळी मिठावरून चालली आहे की मातीला लागली हे कळतं. आवाज बसका झाला की फळी खोल गेली, लगेच हात हलका करायचा. मातकट मीठ येतं ते इथे चुकल्यामुळे. जाणता माणूस तळाशी मिठाचा पातळ थर मुद्दाम राखून ठेवतो. वरचं पांढरं घेतो आणि मातीला शिवत नाही.

ओढलेलं मीठ त्याच वाफ्यातल्या पाण्यात खळबळून घेतात. गोड्या पाण्यात धुतलं तर विरघळून जाईल. खारं पाणी आधीच मिठाने भरलेलं असतं, ते आणखी मीठ घेत नाही, नुसती माती घेऊन जातं. मग बांधावर ढीग करून निथळू देतात आणि टोपल्यांनी मोठ्या राशीकडे नेतात. हे डोक्यावरून वाहायचं काम बहुतेक बायकाच करत आल्या. ओल्या मिठाचं पाणी टोपलीतून कपाळावर, डोळ्यांत उतरतं. खाचर, बांध, फळी यांच्याबद्दल सगळे विचारतात. त्या बायकांबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून न विचारता लिहिलं.

एक किलो मिठाला किती पाणी लागतं?

नुसता हिशोब मांडला तर 37-38 लीटर. गळती, झिरप आणि सोडून दिलेलं कडू पाणी धरलं तर प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त.

मिठागरातलं पाणी गुलाबी का दिसतं? प्रदूषण आहे का?

नाही. खारटपणा फार वाढला की त्यात फक्त तो सोसणारे सूक्ष्मजीव आणि एक प्रकारचं शेवाळ जगतं, आणि त्यांच्या अंगात लालसर रंगद्रव्य असतं. गडद पाणी ऊन जास्त धरतं आणि लवकर आटतं, त्यामुळे पाण्यावर लाली आली की आगरात बरं वाटतं.

ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यापासून येणाऱ्या रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, गुलाबी रंगही अशाच खाद्यातून येतो. या खाडीचा एक भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेला. उथळ खाचरांत शेकाट्यासारखे लांब पायांचे पक्षी तर कायम दिसतात.

समुद्राचं मीठ आहे म्हणजे त्यात आयोडीन असणारच ना?

नसतं म्हटलं तरी चालेल. हा गैरसमज फार पसरलाय, आणि "नैसर्गिक" मिठाच्या नावाखाली तो विकलाही जातो. समुद्राच्या पाण्यात आयोडीन अगदी थोडं असतं, आणि मीठ धरताना ते खड्यात जवळजवळ येतच नाही. ते वेगळं फवारावं लागतं. आपल्या देशात थेट खाण्यासाठी विकायच्या मिठात आयोडीन असणं 2006 पासून बंधनकारक आहे. गिऱ्हाइकाच्या हातात पडताना दहा लाख भागांत किमान 15 भाग. मासे खारवायला, जनावरांना किंवा उद्योगाला लागणाऱ्या मिठाला हा नियम नाही.

मी आगरातला आहे, खड्याचं मीठ मला प्रिय आहे. तरी घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठच वापरा असं मी प्रत्येकाला सांगतो. आयोडीन कमी पडलं तर नुसता गलगंड होत नाही, पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. लोणच्याला, मासे खारवायला जाडं मीठ खुशाल घ्या.

जाडं मीठ बारीक मिठापेक्षा तब्येतीला चांगलं असतं का?

मीठ ते मीठच. जाड्या मिठात थोडं मॅग्नेशियम, कॅल्शियम राहतं, पण पोटात जाणाऱ्या चिमटीभर मिठातून त्याचा उपयोग काही होत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभरसुद्धा नाही. मिठाची जात बदलून रक्तदाब उतरत नाही. आणि सैंधव म्हणजे खाणीतलं मीठ, त्याचा आगराशी संबंध नाही.

खड्याच्या मिठाला पाणी का सुटतं?

त्यात राहिलेल्या कडू क्षारांमुळे. शुद्ध मीठ हवेतला ओलावा साधारण 75 टक्क्यांच्या वर गेला तरच पाणी धरतं, मॅग्नेशियमचे क्षार त्याच्या कितीतरी आधी. म्हणून ताज्या मिठापेक्षा राशीत मुरलेलं मीठ चांगलं. राशीतून कडू पाणी हळूहळू झिरपून जातं. घरी मीठ चिनी मातीच्या बरणीत झाकून ठेवा, धातूच्या डब्यात नको.

मिठात प्लास्टिक असतं हे खरं आहे का?

खरं आहे. मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांना 2018 मध्ये बाजारातल्या मिठात सूक्ष्म प्लास्टिकचे कण आढळले, आणि पाणी आगरात घेण्यापूर्वी वाळूतून गाळलं तर ते बरेच कमी होतात असंही त्यांनी सांगितलं. दोष समुद्राचाही नाही आणि आगराचाही. जे खाडीत टाकलं तेच उघाडीतून आत येतं.

मिठाचा सत्याग्रह दांडीला झाला. महाराष्ट्रात काही झालं होतं का?

भरपूर झालं होतं, आणि आपल्या मुलांना ते माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. गांधीजींनी 6 एप्रिल 1930 ला दांडीला मीठ उचललं. त्यानंतर मे महिन्यात सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रह झाला. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरावर मे-जूनमध्ये हजारो लोक चालून गेले, लाठ्या खाल्ल्या, ओंजळी भरून मीठ घेऊन आले. मिठावरचा कर उठायला 1947 उजाडावं लागलं.

त्याच्याही मागे जायचं तर शिवाजी महाराजांनी 1671 मध्ये कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिलेलं पत्र आहे. गोव्यात पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशाचं मीठ स्वस्तात येऊन आपल्याकडच्या मिठाची विक्री बुडते, म्हणून त्यावर जबर जकात बसवा, असा त्याचा आशय. बाहेरच्या स्वस्त मालाने आपला पिकवणारा मरतो हे साडेतीनशे वर्षांपूर्वी राजाला कळत होतं.

मग आता मिठागरं बंद का पडली?

एक कारण भाव. देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ गुजरातेत होतं. तिथे पाऊस कमी, हंगाम लांब, यंत्रं मोठी. आमच्याकडे पावसाचे चार महिने हातातून जातात आणि काम माणसांच्या पाठीवर चालतं. दुसरं कारण जमीन. उरण-पनवेलकडे नवी मुंबई आणि बंदरासाठी शेतं आणि मिठागरं संपादित झाली. योग्य मोबदल्यासाठी 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. मिठागर कामगाराच्या नावावर मात्र बहुतेकदा जमीनच नव्हती. त्याला ना मोबदला, ना भूखंड.

आमचं आगर बांध फुटून गेलं. एका पावसाळ्यात खांड पडली, दुरुस्तीसाठी आजोबांनी एका कार्यालयात अर्ज दिला आणि वर्षभर खेटे घातले. परवानगी आली तोवर आत गाळ भरून खारफुटी उगवली होती. खारफुटी तोडता येत नाही, तोडूही नये. तीही खाडीची राखणदारच आहे.

मुंबईत घरांची एवढी टंचाई असताना मिठागरांची जमीन मोकळी का ठेवायची?

ती मोकळी नाही, पाण्यासाठी राखलेली आहे. भांडुप, कांजूर, मुलुंड, वडाळा इथली मिठागरं खाडीला लागून सखल भागात आहेत. मोठा पाऊस आणि भरती एकदम आली की शहराचं पाणी पसरायला जागा लागते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस आठवा. तिथे भराव टाकून इमारती उभ्या केल्या तर ते पाणी शेजारच्या वस्तीत शिरेल, आणि ती वस्ती बहुतेकदा गरिबाचीच असेल. घरं हवीतच. पण पाण्याच्या वाटेत बांधलेलं घर पहिल्या उधाणाला त्याच माणसाच्या अंगावर येतं.

अवकाळी पाऊस आला तर सगळं पीक जातं का?

सर हलकी असेल तर वाचवता येतं. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते पिकलेल्या पाण्यावर तरंगत राहतं. वारा सुटून दोन्ही मिसळायच्या आत बांधाची वरची कड चार बोटं कापून वरचंवर सोडून द्यायचं. रात्री-अपरात्री कंदील घेऊन हे करताना मी आजोबांना पाहिलंय. मोठा पाऊस झाला तर मात्र काढलेलं मीठ पेंढ्याने, झावळ्यांनी झाकायचं आणि वाफ्यातलं गेलं म्हणून सोडायचं.

पावसाळ्यात आगरात काय करतात?

पाणी गोडसर होतं, त्यात कोळंबी आणि मासळी येते. आमच्याकडचा जिताडा अशाच खाऱ्या-गोड्या पाण्यात पोसतो.

भाताच्या बियाण्याला मीठ लावतात ते कशासाठी?

लावत नाहीत, मिठाच्या पाण्यात बुडवतात. 10 लीटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणं ओतायचं. पोचट आणि रोगट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाचं बियाणं साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. यासाठी जाडं मीठ उत्तम.

घरी मुलांना मीठ करून दाखवता येईल का?

जरूर. समुद्राचं पाणी फडक्यातून गाळून दोन पसरट थाळ्यांत उन्हात ठेवा. एक थाळी पूर्ण आटू द्या. दुसरीत तळाशी मीठ धरलं की वरचं थोडं पाणी उरलेलं असतानाच ओतून टाका. दोन्हींतला कण जिभेच्या टोकावर लावून थुंकून टाका, गिळू नका, आपल्या किनाऱ्याचं पाणी तितकं स्वच्छ नाही. मुलांना फरक सांगावा लागत नाही.

मिठागर पाहायला कधी आणि कसं यावं?

मार्च ते मे, पहाटे. दहानंतर पांढऱ्या मिठावरून ऊन डोळ्यांत जातं, काम करणारेही तेव्हा सावलीला गेलेले असतात. प्यायचं पाणी बरोबर आणा. आगरात गोडं पाणी मिळत नाही, जे असतं ते कामगारांनी लांबून आणलेलं असतं. बांधावरून एका ओळीत चाला. वाफ्यात उतरायचं असेल तर काम करणाऱ्या दादाला किंवा ताईला विचारा, आणि हो म्हटल्यावरही चपला बांधावर काढा. बुटाच्या एका टाचेने पडलेला खळगा बुजवायला त्यांना तो अख्खा वाफा रिकामा करावा लागतो.